उसाची पात डोळ्याला लागली तर...
डोळ्यातील बुरशी : ओळख, तपासणी व उपचार



या पत्रिकेतून आम्ही उसाच्या डोळ्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले आहे. डोळा ताजा, फुगीर असावा, लागण करताना तो सरीच्या तळाला दबू नये, टिपरी बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवूनच लावावी, वगैरे. आपणही ते मनावर घेतले. पण हा ऊस लावणाऱ्या, राखणाऱ्या आणि तोडणाऱ्या माणसाच्या डोळ्याविषयी आम्ही एक ओळही लिहिली नाही, ही चूक आमची. या अंकात ती दुरुस्त करीत आहोत.

निमित्त आहे आपल्याच एका सभासदाचे. ते कारखान्यावर आले होते, तेव्हा त्यांच्या उजव्या डोळ्यात मधोमध पांढरे फूल दिसले. विचारले तर म्हणाले, "नाव छापू नका जी, पण गोष्ट छापा. कोणाचा तरी डोळा वाचेल."

गोष्ट अशी. भाद्रपदात हे गृहस्थ उसात खालचे पाचट काढायला शिरले. ऊस डोक्याच्या वर गेलेला, ओळीत उभे राहायला जागा नाही. वाळलेले पान ओढले आणि शेजारच्या हिरव्या पातीचा फटकारा उजव्या डोळ्यावर बसला. पाणी आले, थोडे चुरचुरले. बांधावरच्या पाण्याचे दोन हबके मारले आणि काम सुरू. तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. गावातल्या दुकानातून "डोळे आल्याचे" थेंब आणले. दोन दिवस लाली उतरली, बरे वाटले. आठवड्याने बुबुळावर खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसू लागला. पुन्हा तेच थेंब, जास्त वेळा. पुढे एकाने सांगितले म्हणून एका पाल्याचा रसही पिळला. विसाव्या दिवशी डोळा उघडेना, तेव्हा नागपूर गाठले. तिथे डॉक्टरांनी बुबुळावरचा नमुना खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि सांगितले, "ही बुरशी आहे. आणि तुम्ही घालत होतात त्या थेंबांत स्टेरॉईड आहे. बुरशीला तुम्ही खतपाणीच घातलंत."

दोन महिने औषध चालले. डोळा काढावा लागला नाही, हे नशीब. पण त्या डोळ्याने आता समोरची बोटे मोजता येतात, तेवढेच.

ही गोष्ट आपल्यापैकी कोणाच्याही घरी घडू शकते. म्हणून हा रोग काय आहे, तो कसा ओळखतात आणि त्यावर काय करतात, हे नीट समजून घेऊ.

बुबुळावरची काच

डोळ्याच्या काळ्या भागावर एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. घड्याळावर काच असते ना, तसाच. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. उजेड आत जायचा तो याच काचेतून. म्हणून निसर्गाने तिच्यात एकही रक्तवाहिनी ठेवलेली नाही. रक्तवाहिनी असती तर काच स्वच्छ राहिली नसती.

पण याचा एक तोटाही आहे. हाताला जखम झाली तर रक्तातून रोगाशी लढणाऱ्या पेशी लगेच तिथे धावतात. पारपटलात ही कुमक उशिरा आणि कमी पोचते. गोळीचे औषधही रक्तातूनच जायचे, तेही तिथे पुरेसे पोचत नाही. पडद्याची वरची साल शाबूत असेल तोवर बुरशीला सहसा आत शिरता येत नाही. सालीवर ओरखडा पडला की दार उघडले. आणि उसाच्या पातीची कड कशी करवतीसारखी असते, हे आपल्याला सांगायला नको. आपले हात नि मानच त्याची साक्ष देतात.

बुरशी येते कोठून

बुरशी बाहेरून कोणी आणून टाकत नाही. ती मातीत, पाचटात, तणसात, धानाच्या तुसावर, कुजक्या पानावर सगळीकडे असतेच. पावसाळ्यात उसाचे शेंड्याचे पोंगे वेडेवाकडे होऊन कुजतात, त्या रोगाला आपण पोक्का बोईंग म्हणतो. तो फ्युजेरियम नावाच्या बुरशीमुळे होतो. डोळ्यात व्रण करणाऱ्या बुरशींतही फ्युजेरियमचीच भावंडे पुढे असतात. दुसरी नेहमीची बुरशी अॅस्परजिलस. ओलसर धान्यावर आणि कडब्यावर हिरवी-काळी भुकटी धरते ती. याचा अर्थ रोगट उसालाच हात लावल्याने डोळा जातो असा नाही. निरोगी पातीवरही बुरशीचे बीजाणू असतात. ओरखडा आणि बीजाणू एकाच फटक्यात आत जातात.

हा शेतकऱ्याचा रोग आहे, हे पहिल्यापासूनच दिसून आले आहे. डोळ्यातल्या बुरशीची पहिली नोंद थिओडोर लेबर या जर्मन नेत्रवैद्याने १८७९ साली केली. तो रोगी शेतावर काम करणारा होता, आणि मळणीच्या वेळी ओट या धान्याचे तूस उडून त्याच्या डोळ्यात गेले होते. म्हणजे जर्मनीतल्या त्या खळ्यात जे झाले, तेच आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या चुरणीला होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या बांधीत धान आणि शेजारी ऊस. चुरणी आणि ऊसतोडणी लागोपाठ येतात. डोळ्याला धोका दोन्हीकडून.

आपल्या देशातील आकडेही हेच सांगतात. तमिळनाडूत मदुराई येथे अरविंद नेत्र रुग्णालयात १९९४ साली जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत पारपटलाच्या व्रणाचे ४३४ रोगी तपासले गेले. ज्यांच्या नमुन्यातून काही वाढले, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत बुरशी निघाली, आणि बुरशींत फ्युजेरियमचा नंबर पहिला. सुमारे दोन तृतीयांश रोग्यांना आधी डोळ्याला इजा झालेली होती, तीही बहुतेक शेतीकामात. जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोकांना हा रोग होतो असा अंदाज आहे, आणि त्यांतले सर्वांत जास्त आशियातले. पुस्तकात विरळा म्हणून नोंदलेला रोग आपल्या हवामानात आणि आपल्या धंद्यात तितका विरळा राहत नाही.

लेन्स वापरणाऱ्यांनीही वाचावे

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-मुली नागपूर-पुण्याला शिकतात. चष्म्याऐवजी डोळ्यात बसवायची कॉन्टॅक्ट लेन्स काही जण वापरतात. त्यांना उसाची पात लागत नाही, पण हीच बुरशी दुसऱ्या वाटेने येते.

लेन्स बुबुळावर दिवसभर बसलेली असते. तिच्यामुळे पडद्याच्या सालीवर बारीक ओरखडे येऊ शकतात, सालीला हवा कमी मिळते, आणि अश्रूंची धुलाई नीट होत नाही. त्यात लेन्स ठेवायची डबी ओली नि अस्वच्छ असेल तर तिच्यात जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. २००५-०६ साली हाँगकाँग, सिंगापूर व अमेरिका येथे लेन्स वापरणाऱ्यांत फ्युजेरियमची साथच उठली. चौकशीत बॉश अँड लॉम्ब कंपनीच्या रेन्यू विथ मॉइश्चरलॉक या लेन्स धुण्याच्या द्रावणाशी तिचा संबंध आढळला, आणि मे २००६ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. अमेरिकेत १६४ रोग्यांची खात्री पटली. ज्यांची माहिती मिळाली त्यांतील सुमारे एक तृतीयांश लोकांना पारपटल बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. हे सारे शहरातले, बहुतेक धडधाकट लोक.

म्हणून घरातल्या लेन्स वापरणाऱ्या मुलामुलीला एवढे जरूर सांगावे :

१) हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच लेन्सला हात लावावा.
२) लेन्स नळाच्या, विहिरीच्या किंवा पिण्याच्या पाण्याने धुऊ नये. पाण्यातून बुरशीखेरीज अकांथअमीबा नावाचा आणखी चिवट जीवही येतो.
३) डबीतले कालचे द्रावण ओतून टाकावे. त्यातच नवे भर घालू नये. डबी रोज कोरडी करावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावी.
४) लेन्स घालून झोपू नये, पोहू नये.
५) सुटीत गावी आल्यावर शेतात जायचे असेल तर लेन्स काढून चष्मा लावावा. पात किंवा तूस आणि वर लेन्स, हे दोन्ही एकत्र आले तर फारच वाईट.
६) डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधूक दिसू लागले की लेन्स त्याच क्षणी काढावी. ती फेकून न देता डबीसकट डॉक्टरकडे न्यावी. तपासणीत तिचा उपयोग होतो.

ओळखायचे कसे

जिवाणूमुळे झालेला व्रण बहुधा एक-दोन दिवसांत जोर करतो. डोळा सुजतो, घाण येते, माणूस हैराण होऊन स्वतःच डॉक्टरकडे पळतो. बुरशी मात्र चोरपावलाने येते. मार लागल्यावर चार-आठ दिवस, कधी त्याहूनही जास्त काळ, नुसते चुरचुरते. "कचरा राहिला असेल" असे वाटते. त्यामुळेच माणूस गाफील राहतो.

पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात : डोळा लाल होणे व पाणी येणे, डोळ्यात खडा असल्यासारखे वाटणे, उजेड सहन न होणे, दिसणे अंधूक होणे, आणि बुबुळावर पांढरा-राखाडी ठिपका येणे. डॉक्टरांना यंत्रातून आणखी काही दिसते. बुरशीचा व्रण कोरडा, थोडा उंच आलेला असतो. त्याची कड स्वच्छ नसते, पिसासारखी विसकटलेली असते. कधी मुख्य ठिपक्याजवळ बारीक बारीक वेगळे ठिपके असतात, जसे मोठ्या बेटाशेजारी लहान फुटवे. रोग वाढला तर बुबुळाच्या मागे तळाशी पांढरा पू साचलेला दिसतो.

डोळे येण्याची साथ आणि हा रोग यांत फरक आहे. डोळे आले तर बहुधा दोन्ही येतात, चिकट घाण येते, घरात एकाचे दुसऱ्याला होते, आणि दिसणे सहसा बिघडत नाही. एकच डोळा लाल, आठवण्यासारखा मार, आणि दिसायला अंधूक, या तीन गोष्टी जुळल्या तर ते डोळे येणे नव्हे, असे समजून चालावे.

तपासणी : नुसत्या पाहण्यावर भागत नाही

आपल्या कारखान्यात ऊस पाहून उतारा ठरवत नाहीत. रस काढतात, प्रयोगशाळेत ब्रिक्स नि पोल पाहतात, मग बोलतात. डोळ्याचेही तसेच आहे. पारपटलाच्या तज्ज्ञांना व्रणाचे फोटो दाखवून हा जिवाणूचा की बुरशीचा, असे विचारले गेले, तेव्हा त्यांचेही उत्तर सुमारे दोन तृतीयांश वेळाच बरोबर आले. मग दुकानदाराने नुसते पाहून दिलेल्या थेंबांचा काय भरवसा?

तपासणी अशी होते. प्रथम स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवतात आणि प्रकाशाच्या बारीक पट्टीत पडदा मोठा करून पाहतात. एक पिवळसर रंग डोळ्याला लावून निळा उजेड टाकतात; जिथे साल गेली असेल तिथे हिरवे चमकते. यात दुखत नाही.

मग खरी तपासणी. डोळा बधिर करण्याचे थेंब घालून व्रणाच्या कडेचा व तळाचा कण बारीक पात्याने खरवडून घेतात. ऐकायला भीती वाटते, पण बधिर केल्यावर फारसे जाणवत नाही. तो कण काचेवर घेऊन त्यावर दहा टक्के पोटॅशचे द्रावण टाकतात. डोळ्याच्या पेशी त्यात विरघळतात आणि बुरशीचे धागे तसेच उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते फांद्या फुटलेल्या मुळ्यांसारखे दिसतात. साधी, स्वस्त तपासणी. बहुधा त्याच दिवशी उत्तर मिळते. कणाचा दुसरा भाग बशीत पोषक थरावर वाढवतात. त्यातून नेमकी कोणती बुरशी ते कळते, पण त्याला काही दिवसांपासून एक-दोन आठवडे लागतात. उपचार मात्र पहिल्या उत्तरावरच सुरू होतात.

तेव्हा डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारावे, "साहेब, खरवडून तपासायचं का?" आपल्याकडे सोय नसेल तर ते स्वतःच पुढे पाठवतील. जाताना आतापर्यंत घातलेल्या सर्व थेंबांच्या बाटल्या बरोबर न्याव्यात. आणि पात लागली की तूस गेले, कोणत्या दिवशी, हे नक्की सांगावे. पाल्याचा रस घातला असेल तर तेही सांगावे. लाजू नये. डॉक्टर रागावतील फार तर, पण निदान बरोबर होईल.

उपचार : धीराचे काम

बुरशीच्या व्रणावर पहिले औषध म्हणजे नाटामायसिन पाच टक्के थेंब. दक्षिण भारतात झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ३२३ रोग्यांवर नाटामायसिन आणि व्होरिकोनाझोल हे नवे औषध यांची तुलना झाली. जुने नाटामायसिनच सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियमवर. बुरशीची जात आणि व्रणाची खोली पाहून डॉक्टर अॅम्फोटेरिसिन किंवा व्होरिकोनाझोलही देतात. खोल व्रणाला कधी पडद्यातच इंजेक्शन देतात, कधी गोळ्या जोडतात. ते ठरवणे त्यांचे काम.

आपले काम पुढीलप्रमाणे :

१) सुरुवातीला औषध दर तासाला घालावे लागते. होय, तासातासाला. घरातल्या एकाने हे काम अंगावर घ्यावे. भिंतीवर कागद लावून खुणा कराव्यात.
२) हे औषध तळाशी बसते. दर वेळी बाटली चांगली हलवावी. डोळ्यात पांढरा गाळ दिसतो, तो औषधाचा असतो. घाबरून ओरबाडू नये.
३) दोन वेगवेगळ्या थेंबांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये. आधी हात धुवावेत.
४) दुखणे कमी करण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब देतात. त्याने अंधूक दिसते. ते औषधाचे लक्षण. रोग वाढला असे नव्हे.
५) औषध पडद्यात खोल शिरत नाही, म्हणून डॉक्टर मधूनमधून व्रणाची वरची साल खरवडतात. त्याला नाही म्हणू नये.
६) बरे वाटले म्हणून औषध थांबवू नये. बुरशी हळू मरते. कमीत कमी तीन आठवडे, पुष्कळदा दीड-दोन महिने लागतात. लाली गेली आणि औषध बंद केले, तर आत राहिलेला एक धागा पुन्हा पसरतो. हराळी वरून कापली आणि काशी जमिनीत राहिली तर काय होते, ते आपण जाणतोच.

एवढे करूनही काही व्रण खोल जातात, पडदा फुटण्याच्या बेताला येतो. मग रोगट पारपटल काढून दान मिळालेले पारपटल बसवावे लागते. वेळेवर आलेल्या रोग्यावर ही पाळी क्वचित येते, उशिरा आलेल्यावर पुष्कळदा.

व्रण भरला तरी त्या जागी पांढरा व्रणकण राहू शकतो. त्यालाच आपण फूल पडले म्हणतो. फूल कडेला असेल तर दृष्टीला फारसा धक्का नाही. मधोमध असेल तर दिसणे जाते. म्हणजे डोळा वाचणे आणि दृष्टी वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दृष्टी वाचते ती पहिल्या दिवसांत.

हे करू नये

डोळ्यात गेलेले कुसळ जिभेने, पदराच्या टोकाने किंवा काडीने काढू नये. डोळा चोळू नये. मध, एरंडेल, आईचे दूध, पाल्याचा रस, काहीही घालू नये. त्यातून आणखी जंतू जातात.

आणि सर्वांत महत्त्वाचे. दुकानातून आपल्या मनाने डोळ्याचे थेंब आणू नयेत. घरात पडून असलेल्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे नाव असेल तर त्यात स्टेरॉईड आहे. स्टेरॉईड हे वाईट औषध नव्हे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर तेच देतात. पण ते सूज नि लाली दाबते, आणि त्याबरोबर शरीराची लढण्याची ताकदही दाबते. राखणदाराला झोपवून खळे उघडे टाकावे, तसा प्रकार. म्हणून दोन दिवस बरे वाटते आणि तिकडे बुरशी आत पसरते. आजीच्या मोतीबिंदूचे उरलेले थेंब नातवाच्या डोळ्यात घालू नयेत, ते याचसाठी.

पहिला दिवस हाच खरा दिवस

नेपाळात भक्तपूर भागात एक पाहणी झाली, ती २००१ साली प्रसिद्ध झाली. गावचे स्वयंसेवक शिकवून ठेवले होते. डोळ्याला ओरखडा आलेला माणूस आला की ते तपासत आणि क्लोरॅम्फेनिकॉल हे जंतुनाशक मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस लावत. असे ४४२ ओरखडे त्यांनी पाहिले. अठरा तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. अठरा ते चोवीस तासांत आलेल्या १०९ पैकी चौघांना झाला. आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी आलेल्या ४९ पैकी चौदा जणांना झाला. पुढे नेपाळातच गावोगावच्या मोठ्या चाचणीत गावाच्या एकूण व्रणांत असा ठळक फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. नुसती सोय ठेवून भागत नाही. माणसाने वेळेवर यावेही लागते.

तेव्हा पात, तूस, कुसळ, फांदी, माती, काहीही डोळ्याला लागले तर :

१) काम थांबवावे. स्वच्छ, पिण्याच्या पाण्याने डोळा हलक्या हाताने धुवावा. पाटाचे, बांधीतले पाणी वापरू नये.
२) पट्टी घट्ट बांधू नये.
३) त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, आरोग्य केंद्रात किंवा नेत्रतज्ज्ञाकडे डोळा दाखवावा. "उद्या तोडणी आहे, परवा जाऊ" असे म्हणू नये.
४) दोन दिवसांत आराम नसेल, किंवा पांढरा ठिपका दिसला, तर भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालयात जावे. तिथून गरज पडल्यास नागपूरला मेडिकल किंवा मेयो. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. उसाची गाडी त्याहून लांबचा प्रवास करते. डोळ्यासाठी एक दिवस जड नाही.
५) मधुमेह असलेल्यांनी तर एक तासही दवडू नये.

आणि मुळात मार लागूच नये यासाठी साधा उपाय म्हणजे चष्मा. पाचट काढताना, तोडणीला आणि चुरणीला बाजूने झाकलेला प्लॅस्टिकचा पारदर्शक गॉगल घालावा. वेल्डिंगच्या, हार्डवेअरच्या दुकानात तो मिळतो. घामाने धूसर होतो, हे खरे; रुमालाने पुसावा आणि पुन्हा घालावा. चुरणी यंत्रासमोर उभे राहताना वाऱ्याकडे पाठ असावी, म्हणजे तूस तोंडावर येत नाही.

तोडणी कामगारांचाही डोळा

आपल्या उसात आपण एक-दोन दिवस शिरतो. तोडणी टोळीतली माणसे सारा हंगाम त्यातच असतात, पहाटेच्या अंधारात कोयता चालवतात. ती परगावची, त्यांना इथला दवाखाना माहीत नसतो, आणि एक दिवस गेला तर उचल अंगावर राहील या भीतीने ती दुखणे लपवतात. ज्यांच्या फडात टोळी आहे त्या सभासदाने आणि मुकादमाने याकडे लक्ष द्यावे. लाल डोळा दिसला तर विचारावे, गाडीत बसवून पाठवावे. ऊस आपला आहे. तो तोडताना गेलेला डोळा दुसऱ्याचा म्हणून सोडून देता येत नाही.

शेवटी एक विनंती. बुरशीने ज्यांचे पारपटल निकामी होते, त्यांना नवी दृष्टी मिळते ती कोणीतरी मरणोत्तर डोळे दिले म्हणूनच. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा असतो. ज्यांची इच्छा असेल त्यांनी ती घरच्यांना आजच सांगून ठेवावी, कारण त्या वेळी निर्णय घरच्यांनाच घ्यायचा असतो.

बेण्याचा एक डोळा मेला तर आपण नांगी भरतो, तुटाळ सांधतो, खाडे भरून काढतो. माणसाच्या डोळ्याची नांगी भरता येत नाही. हा अंक वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्यावा, घरात वाचून दाखवावा, आणि पुढच्या वेळी कोणाच्या डोळ्याला पात लागली तर पहिल्याच दिवशी त्याला हाताला धरून दवाखान्यात न्यावे. आमच्या त्या सभासद बंधूंची तेवढीच इच्छा आहे, आणि आमचीही.